खुरापासून खांद्यापर्यंत

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तुझ्या बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं, तर ते म्हणतात, येऊ दे पोरीला घरी, एवढं काय त्यात. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. फोन केला असता, पण फोनवर मी आधी ओरडते आणि मग रागानं ठेवून देते, तुला माहीतच आहे. म्हणून लिहायला बसलेय. चार यत्ता शिकलेल्या बाईचं पत्र आहे, त्यातल्या चुका मोजत बसू नकोस.

वासराची मान मागे वळली होती, ती न बघताच तू पाय ओढायला लावलेस आणि वासरू गेलं. गाय वाचली, हे तू एका ओळीत उरकलंस. सरांनी पुढच्या सोमवारी पुन्हा गोठ्यावर बोलावलंय, तेही एका ओळीत. आणि पुढे दोन पानं रडगाणं, की माझे हात या कामाचे नाहीत, महिनाअखेरीला कॉलेजातून नाव काढते आणि घरी येते. बरं. जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हणून आम्हाला सळो की पळो करून सोडलंस ती तूच ना? आता माझं ऐक. तुझे हात कुठून आलेत ते तुला नाही, मला माहीत आहे.

माझी आजी तू पाहिली नाहीस. भिंतीवरच्या फोटोत ती अगदी गरीब म्हातारी दिसते, तो फोटो खोटा आहे. ती माणसांशी खेकसून बोलायची आणि गायींशी अहोजाहो करायची. "बाईसाहेब, जरा पाय सरकवता का?" असं गायीला, आणि गायीच्या मालकाला, "खांबासारखा उभा काय राहिलास, गरम पाणी आण!" आजोबा म्हणायचे, पुढच्या जन्मी मला चार पाय मिळोत, म्हणजे ही माझ्याशी तरी गोड बोलेल. आसपासच्या पाच-सहा गावांत गाय अडली, की तिला बोलवायला माणूस यायचा. ती घराच्या पुढच्या दारानं कधी आत गेली नाही. थेट गोठ्यात. बाह्या वर, साबण, पाणी, तेल, आणि मग डोळे मिटून हात आत. डोळे का मिटतेस विचारलं तर म्हणायची, आत अंधारच आहे, उघडून काय दिवे लावू?

तेराव्या वर्षापासून मी तिच्याबरोबर जायचे. बादली धरायला. वाटेत ती माझ्याकडून घोकून घ्यायची, जसे तुझे सर घेत असतील. हाताला पाय लागला तर पुढचा की मागचा? पुढच्या पायाचे खालचे दोन्ही सांधे एकाच बाजूला वाकतात, मागच्याचे उलटसुलट. दोन पाय लागले तर लगेच दोरी बांधायची नाही. एका खुरापासून चाचपत वर खांद्यापर्यंत जायचं, खांद्यावरून छातीवर, छातीवरून दुसऱ्या खांद्यावर, आणि तिथून खाली दुसऱ्या खुरापर्यंत. का? तर आत जुळं असलं, तर एक पाय एका वासराचा आणि एक दुसऱ्याचा असू शकतो. मला कंटाळा यायचा. माझं नाव तिनं घाईबाई ठेवलं होतं. चालताना मी पुढे, ती मागे, आणि मागून सारखं, घाईबाई, सांग बघू, खांद्यानंतर काय?

आमच्या गावात एक लोहार होता, त्याची एकच गाय. ती एका सकाळी अडली. आत जुळं होतं. दोरी बांधली गेली ती एका वासराच्या एका पायाला आणि दुसऱ्याच्या एका पायाला. तिघांनी जोर लावून ओढलं. दोन्ही वासरं गेली, आत फाटलं, दुपारपर्यंत गायही गेली. लोहार अंगणात उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, म्हातारे, तुझ्यामुळे गेली माझी गाय! आजीनं हात धुतले, पुसले आणि म्हणाली, "हो. माझ्या हातून चुकलं." एवढंच. कारण दिलं नाही की रडली नाही.

त्यानंतर सात महिने तिला कुणी बोलावलं नाही. ज्या बायका वाटेत थांबवून गप्पा मारायच्या, त्या विहिरीकडे बघत निघून जायच्या. आजी मात्र दर रविवारी उजव्या हाताची नखं दगडावर घासून गुळगुळीत करायची, जशी आधी करायची तशीच. मी एकदा चिडून विचारलं, कुणी बोलवत नाही, मग नखं कशाला घासतेस? म्हणाली, वाढतात म्हणून.

आठव्या महिन्यात दारात तोच लोहार. बहिणीची गाय अडली होती. मान वर न करता म्हणाला, चल. आजी हातातला चहा तसाच ठेवून उठली. तिकडे तिनं नुसतं चाचपण्यातच इतका वेळ घेतला की लोहाराला राहवेना. अजून किती वेळ, म्हातारे? तर म्हणे, दोन्ही पाय एकाचेच आहेत हे मला कळेपर्यंत. वासरू जिवंत निघालं. लोहारानं स्वतः तिच्या हातावर पाणी घातलं, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

इकडचं म्हणशील तर आमच्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात नवीन मोठं इस्त्रीयंत्र आलंय. चादर एका बाजूनं घातली की दुसऱ्या बाजूनं गरमागरम बाहेर येते, आम्ही दोघींनी चार कोपरे धरून घडी घालायची. माझ्यासमोरची बाई म्हणते, सव्वीस वर्षांत तुझी एक घडी वाकडी गेलेली बघितली नाही. तिला कौतुक वाटतं. मी दोनदा कोपरे तपासल्याशिवाय चादर पुढे सोडत नाही, याचं कारण तिला कुठे माहीत?

आता खरं लिहिते. बादली धरायला जायचे असं वर लिहिलंय ते अर्धंच खरं आहे. आजीची बोटं सांध्यांत सुजली होती, हात आत घालताना तिला कळा यायच्या, आणि माझा हात लहान होता. लोहाराच्या गायीला दोरी मी बांधली होती. दोन खुरं हाताला लागली, खांद्यापर्यंत जायचा मला कंटाळा आला, आणि आजीनं विचारलं, नीट बघितलंस? तर मी म्हटलं, हो. पंधरा वर्षांची होते. माझी चूक तिनं भर अंगणात स्वतःच्या नावावर घेतली, आणि मला एका शब्दानं बोलली नाही. लोहार पुन्हा आला त्या दिवशी तिनं मला हाक मारली, चल गं. मी पोट दुखतंय म्हणून पडून राहिले. महिन्याभरात शहरात मावशीकडे निघून आले आणि त्यानंतर कुठल्याही गायीला हात लावला नाही. ती सुजलेल्या बोटांनी एकटीच जात राहिली, आणखी नऊ वर्षं. मी सुट्टीला गेले की मला गोठ्यात न्यायची, नवं वासरू दाखवायची आणि माझ्याकडे बघत उभी राहायची. वासरू छान आहे, एवढं म्हणून मी बाहेर यायचे. ती गेली तरी मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बाबांनाही काल रात्रीच कळलं. तेव्हा मला लिहू नकोस, की आई, तुला काय कळतंय यातलं. पळून आलं की कसं वाटतं ते मी तीस वर्षं बघतेय, आणि तुला मी ते बघू देणार नाही. तू नाव काढायचं नाहीस. मी चार दिवसांची रजा टाकलीय, रविवारच्या गाडीनं येतेय, आणि सोमवारी तुझ्याबरोबर गोठ्यावर येणार. सरांची परवानगी विचारत बसू नकोस, आई येतेय एवढं नुसतं सांग. तुझी चाचपणी संपेपर्यंत कुणी घाई केली, तर त्याच्याकडे मी बघते.

बाह्या वर करून येणारी,
तुझीच आई