कॉनीचं शेवटचं वाक्य

गॅस स्ट्रीट, टॉडमॉर्डन
मंगळवार, ३ सप्टेंबर

प्रिय ऑड्री,

('प्रिय' वाचून चष्मा पुसायला घेऊ नकोस, बरोबरच वाचलंस. पन्नास वर्षं नाताळच्या कार्डावर मी नुसतं 'ऑड्री' लिहीत आले, आज पुढे एक शब्द जास्त घातला आहे. का, ते सवडीने येईल.)

तू आणि डेस्मंड दोघंही खुशाल असाल असं धरून चालते. तुझ्या गुडघ्याचं कसं काय? (गुडघ्याचं मला आपल्या शाळेतल्या मेव्हिसकडून कळलं. तुझ्या कार्डात 'ऑड्री आणि डेस्मंडकडून' एवढंच असतं, त्यातून गुडघा कळत नाही.) बोर्नमथला अजून ऊन असेल. इकडे परवापासून पाऊस आहे, पण त्याची तक्रार करायची तर जन्मभराची करावी लागेल. मी बरी आहे. मांजर माझ्याहून बरं आहे.

तर झालं असं, की मे महिन्यात आपल्या वाचनालयात लंडनहून एक मुलगी आली, इमोजेन नावाची. जुने टीव्हीचे कार्यक्रम शोधून जपून ठेवायचे, ही तिची नोकरी. (पगारी. मी दोनदा विचारून घेतलं.) चौदा सप्टेंबरच्या शनिवारी वाचनालयात कॉनी ओल्ड्रॉइडची संध्याकाळ करायचं तिने ठरवलं आहे. कॉनी आपल्या खोऱ्यातली, म्हणून इथेच. कॉनीच्या आधी टीव्हीवर बाईने चहाचा ट्रे घेऊन यायचं, पुरुषांनी विनोद करायचे आणि बाईने ट्रे ठेवून निघून जायचं, अशी रीत होती. कॉनी ट्रे घेऊन आली आणि गेलीच नाही. स्वतः लिहायची, स्वतः बोलायची, आणि पुरुषांना मागे पलंगावर झोपवून ठेवायची. हे इमोजेनचे शब्द नव्हेत, माझे आहेत, पण तिने वहीत उतरवून घेतले.

आता दुःखाचा भाग असा, की तिच्या कार्यक्रमाच्या तेवीस भागांपैकी नऊच उरले आहेत. बाकीच्या फिती कंपनीने पुसल्या आणि त्यांवर घोड्यांच्या शर्यती भरल्या. टेप महाग होती म्हणे. आणि नेमका तो इस्पितळातल्या चहावालीचा प्रवेश गेला, ज्याच्याबद्दल अजून लोक बसथांब्यावर बोलतात. इमोजेन हे सांगता सांगता रडायच्या बेताला आली, म्हणून मी पटकन म्हणाले, आमच्याकडे आहे तो. आपल्या घरात तोंड आधी उघडायची सवय मलाच, ते तुला माहीत आहे.

तुला आठवतंच असेल, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १९७३ साली मी सतरा वर्षांची होते आणि दर गुरुवारी टीव्हीचा आवाज टेपरेकॉर्डरवर भरून घ्यायचे. रेकॉर्डर स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचा (ताटं पलीकडून अलीकडे द्यायची ती सरकत्या दाराची खिडकी), माइक टीव्हीकडे वळवायचा, आणि अर्धा तास घरात कुणी खोकायचंसुद्धा नाही. बजरिगार पोपटाच्या पिंजऱ्यावर टॉवेल. बाबा क्लबात. आणि आई, कॉनीचं नाव पडद्यावर आलं रे आलं की उठून भांडी घासायला जायची. चारचौघांत तोंडं वेडीवाकडी करणारी बाई तिला बघवत नसे. चॅपलमध्ये तिने तसं बोलूनही दाखवलं होतं.

आणि त्या गुरुवारी, चहावालीच्या शेवटच्या वाक्यावर, कुणीतरी एवढ्या मोठ्याने हसलं की टेपवर वाक्यच बुडालं. खोलीत आपण दोघी. मी हसले नव्हते. तेव्हा तूच. मी तुला खोटारडी म्हणाले, तू मला म्हसोबा म्हणालीस, आई हातात फडकं घेऊन दारात उभी होती, ती काहीच म्हणाली नाही. पुढच्या महिन्यात तुझं लग्न. करवलीचा निळा झगा शिवून तयार होता, आणि मी आले नाही. टेप मी बिस्किटांच्या डब्यात घातली, डबा झग्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. पुन्हा ऐकली नाही. काय ऐकायचं होतं, मला तर सगळं ठाऊक होतं.

डबा सापडायला चार दिवस लागले. त्यात मी माळ्याच्या शिडीवरून एकदा उतरले आणि एकदा पडले. (काही नाही, एक निळा डाग. मांजराला जास्त लागलं.) जुनं यंत्र आपल्या शेजारच्या क्लिफर्ड सग्डेनकडे निघालं. क्लिफर्ड आता ब्याऐंशीचा आहे आणि त्याच्या शेडमध्ये काय नाही ते विचारावं. यंत्राचा पट्टा कुजला होता, म्हणून त्याने ब्रोकोलीच्या जुडीचं रबर लावलं. पहिल्या खेपेला कॉनी आपल्या पाद्रीबुवांसारखी बोलली. मग त्याने दुसरं, आखूड रबर लावलं, तेव्हा ती बजरिगारसारखी बोलली. इमोजेन हातमोजे घालून माझ्या स्वयंपाकघरात बसली होती आणि दर वेळी डोळे मिटून घेत होती. तिसरं रबर पोस्टमनने दिलं. ते जमलं.

ऑड्री, कॉनी जशीच्या तशी आली गं. तोच गाडा ढकलत येणं, तेच त्या पलंगावरच्या माणसाला सांगणं, की हेच ऑपरेशन तिच्या मेहुण्याचं झालं, आणि काय देखणी अंत्ययात्रा निघाली त्याची. मी टेबलाला धरून हसत होते. मग तो शेवटचा क्षण आला, आणि ते हसणं. इमोजेनने यंत्र थांबवून विचारलं, "कोण हसतंय हे?" मी म्हणाले, "माझी बहीण. तिने मुद्दाम केलं." तिने फीत मागे नेऊन पुन्हा लावली. हसणं माइकच्या अगदी कानाशी होतं, आणि ते चालू असतानाच दुरून, टीव्हीजवळून, तुझा आवाज आला. उशीत तोंड खुपसलेला. "थेल्मा, मी नाही गं. मी उशी धरली आहे तोंडावर." आणि मग हसणं तुटलं आणि खिडकीचं दार सर्रकन बंद झालं.

क्लिफर्डला तसं ऐकू कमी येतं, पण तो म्हणाला, "अगं, ही तर तुझी आई. गिरणीत मागावर असताना अशीच हसायची की. रोज. आमचं अख्खं खातं तिच्यामुळे हसायचं."

रोज, ऑड्री. गिरणीत रोज, आणि घरी दार लावून. तुला माझ्यासमोर खोटारडी ठरू दिलं, पण कॉनीला हसले हे काही तिच्या तोंडून निघालं नाही. मला तिचा राग यायला हवा होता. मी ती फीत सहा वेळा ऐकली, आणि राग काही येईना. तुझी मात्र आठवण आली, आणि स्वतःची लाज वाटली. तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं. हे लिहायला मला तीन कागद लागले, हा चौथा.

बाकी सगळं ठीक. मेव्हिसला भेटलीस तर सांग की तिचं पातेलं माझ्याकडेच आहे. डेस्मंडला नमस्कार.

तुझी धाकटी,
थेल्मा

ता. क. तो प्रवेश आम्ही शनिवारी करून दाखवणार आहोत. इमोजेनने फितीवरून शब्दन् शब्द उतरवला आहे. पलंगावर क्लिफर्ड आहे (तालमीत पलंगाची चाकं सुटून तो बालविभागात गेला, पण शाबूत आहे). मी नर्स आहे, मला फक्त "चला" म्हणायचं आहे. अडलं आहे ते शेवटच्या वाक्यावर, कारण त्यावर आई हसते आहे. मी इमोजेनला सांगितलं की ते फक्त माझ्या बहिणीलाच ठाऊक आहे, टीव्हीच्या सर्वांत जवळ तीच बसली होती. ते पत्राने कळवू नकोस, टपालाचा भरवसा नाही. येऊनच सांग.

ता. ता. क. तू कॉनीची नक्कल करायचीस तशी मी कुणाची पाहिलेली नाही. पोस्टर छापून झालं आहे. चहावालीच्या पुढे तुझं नाव आहे. दहा जण विचारून गेले, 'ऑड्री अ‍ॅशवर्थ खरंच येणार का' म्हणून. मी हो म्हणाले. शुक्रवारी सव्वाचारच्या गाडीला मी स्टेशनवर असेन, गुडघ्यासाठी क्लिफर्डची गाडी आहे.

आणि शेवटचं. इमोजेनला यातलं काही बोलू नकोस. वाक्य मला पाठ आहे, त्या गुरुवारपासून. पण तुला बोलवायला दुसरं काही निमित्त सुचेना. तेव्हा ये. कॉनीच्याच शब्दांत सांगते, चहा झाकून ठेवते. बिस्किटाचं मात्र सांगता येत नाही.