उलकानचे दोन शब्द

नारिन, ४ सप्टेंबर १९८३

ती. थोरली बहीण उलकान एजे हिस, धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

सहा महिन्यांत तुझी चार ओळींची चिठ्ठी नाही. तुझ्या गाई माझ्यापेक्षा नशीबवान. असो. पंचवीस तारखेला इथल्या संस्कृती भवनात आपल्या प्रांतातल्या लेखकांचं संमेलन भरतंय. त्यात माझी ‘पुलावरची नवरी’ वाचली जाणार, आणि पसंत पडली तर राजधानीत फ्रुंझेला छपाईला जाणार. सात वर्षं घासली आहेत मी त्या कादंबरीवर.

तिची नायिका म्हणजे माझी सख्खी बहीण, हे कळल्यावर अध्यक्ष हटूनच बसले. म्हणाले, तिला मंचावर बसवू, दोन शब्द बोलू दे. सात्किन भाऊजींना मी परस्पर विचारलं, ते तयार आहेत. पांढरा रुमाल बांधून ये. आणि चेहरा जरा हसरा ठेव. त्या नवरीचं हसू इथे सगळ्यांना फार आवडलंय.

लोभ आहेच, तो तूही दाखव.
तुझा बेक्तुर

अत-बाशी, ११ सप्टेंबर

चि. बेक्तुर यास,

अनेक आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून लिहीत नाही.

तू बुरुलला दिलेली टंकलेली प्रत तिने सुट्टीत मला वाचून दाखवली. अठरा वर्षांची पोर, डोळे चमकत होते तिचे. म्हणाली, आई, बाबांनी तुला घोड्यावर घातलं तेव्हा तू खरंच हसत होतीस? कॉलेजच्या प्रवेशाचं पत्र नदीत फेकलंस? मी चुलीतली राख काढत बसले. पोटच्या मुलीला काय सांगू?

मीही अठराचीच होते. पत्र माझ्या बुटात होतं. पुलावर सात्किनने मला उचललं तेव्हा मी किती ओरडले, ते तुला ठाऊक आहे. त्या घरात म्हाताऱ्यांनी डोक्यावर लग्नाचा पांढरा रुमाल टाकला, मी तीनदा काढून फेकला. चौथ्यांदा अंगात बळ उरलं नाही. याला तू हसू म्हणतोस?

ती पानं काढून टाक. नाही काढलीस, तर मी येते. रुमालही बांधते.

उलकान

नारिन, १५ सप्टेंबर

ती. एजे हिस, नमस्कार.

बावीस वर्षांपूर्वीचं काय उगाळतेस? चार मुलं झाली, घर उभं राहिलं, भाऊजींनी कधी हात उगारला नाही. गावातल्या निम्म्या बायका अशाच पळवून आणलेल्या, त्या नाही रडत बसल्या. आणि कादंबरी म्हणजे काय पोलिसाचा पंचनामा आहे? तुला साहित्यातलं काय कळतं? दुधाच्या हिशेबापलीकडे तू वाचलंयस काय?

एक ओळ काढणार नाही. ये, गप्प बस, फुलं घे आणि घरी जा.

बेक्तुर

नारिन, २६ सप्टेंबर

उलकान,

एजे म्हणणार नाही. तू आपल्या घराची अब्रू वेशीवर टांगलीस.

दोनशे माणसं. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने तुला माइक दिला. आणि तू काय बोललीस? “मी हसले नव्हते. मी माझ्या भावाच्या नावाने हाका मारत होते, आणि तो घोड्याचा लगाम धरून उभा होता.” एवढंच बोलून खाली बसलीस, जणू हवापाण्याची बातमी दिलीस.

कोणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेतल्या तीन बायका उठून गेल्या. अध्यक्षांनी घाईघाईने जेवणाची सुट्टी दिली आणि दुपारी माझं हस्तलिखित फेरविचारासाठी परत केलं. ताटावर माझ्याशेजारी कोणी बसलं नाही. सोळा वर्षांचा होतो मी. मला काय कळत होतं? भाऊजींनी सांगितलं, धर; मी धरला.

तुला भाऊ नाही, असं समज.
बेक्तुर

अत-बाशी, ३ ऑक्टोबर

बेक्तुर यास,

‘मला काय कळत होतं’ म्हणतोस, म्हणून हे पत्र. नाहीतर लिहिणार नव्हते.

संमेलनाहून परतताना आम्ही दुधाच्या ट्रकमध्ये होतो. खिंडीत सात्किन ट्रक थांबवायला लावून खाली उतरला आणि दगडावर बसला. मला वाटलं, आता हा मला मारणार. त्याने विचारलं, तू खरंच ओरडत होतीस? म्हणाला, तुला उचललं त्याच्या आदल्या दिवशी बेक्तुर आला होता. त्याने शपथ घेऊन सांगितलं होतं, एजे राजी आहे, पण घरच्यांपुढे लाजते. ती ओरडेल, तिकडे लक्ष देऊ नका.

बावीस वर्षं मला वाटत होतं, तू नुसता उभा होतास.

सात्किनही काही सुटत नाही. मी तीनदा रुमाल फेकला तेव्हा तो दारातच होता. त्याला मी ते तोंडावर सांगितलं. तो रडला. मी नाही.

बुरुलला सगळं सांगितलं आहे. तुझी प्रत तिने माझ्या हातात दिली. जाळली नाही, सोबत परत पाठवतेय. मेहनत तुझी आहे, ठेव.

काल सात्किनने विचारलं, अजून जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही; राहशील का? बावीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणी विचारलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. गाईंचं करते, भाकरी करते, आणि उत्तर देत नाही. तो रोज दारात उभा राहून वाट बघतो. बघू दे.

या घरात तुझं पत्र यायला नको.
उलकान