बाई, तुम्ही खोटं का बोललात

बाई, मला अजून तुमचा राग येतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः शाळेत शिकवून म्हातारी व्हायला आले, तरी येतो. बुलढाण्याच्या आपल्या मुलींच्या शाळेत ती तुमची रीत होती, जिला उत्तर येईल तिनं न येणाऱ्यांचे कान पिळायचे. ही कसली हो रीत? मैत्रिणींना एकमेकींवर सोडायचं आणि आपण खुर्चीत बसून राहायचं.

त्या दिवशी नागपूरच्या इन्स्पेक्टरीणबाई यायच्या म्हणून तुम्ही पाढे म्हणून घेताय. सतराचा मला येतो, माझ्या मैत्रिणीला येत नाही. तिच्या बापाचा भाजीचा मळा. त्यानं तिला नुकत्याच सोन्याच्या बाळ्या केल्यात, आणि माझ्या कानांत कडुनिंबाच्या काड्या. सकाळपासून ती मान हलवून हलवून दाखवतेय. "हळूच धर गं," तुम्ही म्हणालात. मी कान सोडून बाळीच धरली आणि ओढली. कानाची पाळी चिरली, पोलकं रक्तानं भिजलं.

दुपारी तिचा बाप आला. "माह्या पोरीचा कान कोनं फाडला?" मी दाराआड उभी. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मीच जोरात ओढायला सांगितलं. चुकलं माझं." त्यानं पोरीला शाळेतून काढलं ते काढलंच. गावभर तुमची छी-थू झाली.

कोणी सांगितलं होतं तुम्हाला मला वाचवायला? दोन थपडा मारल्या असत्या तर तिथंच मिटलं असतं. माझं पाप तुम्ही परस्पर उचललंत, आणि मी लबाड, जन्मभर तुमच्याच नावानं खडे फोडत राहिले. बाई फार दुष्ट होत्या, असं वर्गातल्या मुलींनासुद्धा सांगितलं. पण बाळी ओढताना मला बरं वाटलं होतं, बाई. फार बरं वाटलं होतं. आजही एखादी नटूनथटून आलेली पोर उत्तराला अडली की आत तसंच काहीतरी सुखावतं. ती हेवेखोर मुलगी माझ्यातून गेलेली नाही, आता जाणारही नाही. मी आपले हात पाठीमागे धरून वर्गात फिरते.

हे पत्र टाकू कुठं? तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच तर लिहायची हिंमत झाली. मैत्रीण दोन गल्ल्यांपलीकडे राहते. परवा धाकट्या नातीला शाळेत घालायला आली होती. पाळी अजून दुभंगलेलीच आहे. मी तिकडे पाहतेय हे तिनं ओळखलं आणि हसून म्हणाली, "जाऊ दे वं, तुह्यं काय चुकलं तवा? बाईनंच तुले कराले लावलं, नाही का?"

"हाव," मी म्हणाले.