गवा चुकीच्या बाजूला उभा होता

ती. काका यांना साष्टांग नमस्कार. काकूंनाही (त्यांना आधी सांगा, नाहीतर पत्र पुढे वाचू देणार नाहीत). तुमचा गुडघा काय म्हणतो? आम्ही सगळे सुखरूप आहोत. हे वाक्य सवयीने नव्हे, हाडं चाचपून लिहितोय.

गेल्या आठवड्यात आम्ही राष्ट्रीय उद्यान बघून आलो. गाडी अर्थातच बाबांनी चालवली. तुमच्या थोरल्या बंधूंनी जन्मभर बस चालवली, त्यामुळे स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नाही. फाटकातून आत शिरतो न शिरतो तोच आमची धाकटी किंचाळली, "आजोबा, हरणं!" आजोबा म्हणाले, "इथं स्टॉप नाही," आणि गाडी तश्शीच पुढे. कोल्हा गेला, अस्वल गेलं (पाठमोरं, बहुधा आम्हालाच वैतागून). उतरायचं ते फक्त वाहनतळाची पाटी असेल तिथं, आणि जनावरांना पाट्या वाचता येत नसल्यामुळे तिथं आमच्याशिवाय चिटपाखरू नसायचं. हिने प्रत्येक पाटीखाली आमचा फोटो काढलाय. बघणाऱ्याला वाटेल, आम्ही पाट्याच बघायला गेलो होतो.

मग एका वळणावर बाबांनी करकचून ब्रेक दाबला. समोर भलामोठा गवा, रस्ता अडवून निवांत रवंथ करत उभा. बाबांनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि ओरडले, "अहो, जीप बाजूला घ्या की! रस्ता काय तुमच्या तीर्थरूपांचा आहे?" गव्याने मान वळवली. आम्ही सगळे खाली वाकलो. हीच कशीबशी पुटपुटली, "बाबा, गवा आहे तो." बाबा काच वर करत म्हणाले, "दिसतंय मला. पण उभा चुकीच्या बाजूला आहे."

गवा सावकाश निघून गेला. आम्ही हसून हसून बेजार. बाबाही हसले, पण गिअर त्यांना दोनदा टाकावा लागला. काका, त्यांना तो गवा म्हणून दिसलाच नव्हता. मला फार भीती वाटली.

बाकी सगळं ठीक.

तुमचा पुतण्या

ता. क. पत्राचं खरं कारण हेच. बाबांचं गाडी चालवणं आता बंद व्हायला हवं. माझं ऐकत नाहीत. तुम्ही धाकटे असलात तरी तुमचं ऐकतात. जरा खडसावून सांगा.

आणखी एक ता. क. वरचा ता. क. रद्द समजा. आत्ताच बाबांनी किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली, "यापुढे तूच चालव" म्हणाले आणि आत जाऊन पडले. जेवलेसुद्धा नाहीत. काका, त्यांना रागावू नका हो. उलट फोन करून म्हणा, "दादा, पोराला रस्ता दाखवायला तू शेजारी बस आणि दोघं माझ्याकडे या." ही थाप नाही. तुमच्या घराचा रस्ता मला खरंच माहीत नाही. आजवर मी मागच्या सीटवर झोपूनच आलोय.