टचस्क्रीनवर ह्यांचं बोट

२ जून
ह्यांच्या लिफ्टच्या नोंदवहीत बरीच पानं कोरी राहिलीत. फुकट कशाला घालवायची. आजपासून रोज लिहिणार. खरं तेवढंच.
पोरीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणे, टचचा नको, अभ्यासात टाइपच करायचं असतं. मी चौथी पास, मला बोट कळतं. म्हटलं, तोच द्या. पोरीनं तोंड पाडलं. पाडू दे.

५ जून
टच उत्तम. बोट लावलं की गाणं, बोट लावलं की फोटो मोठा. पोरगी म्हणते, हात भरून येतो, आकृती काढायला तेवढा बरा, बाकी कीबोर्डच लागतो. नुसती कारणं. काचेवर ठसे मात्र फार उठतात. रोज नऊला, इस्त्रीला बसण्याआधी पुसून काढणार. हॉटेलच्या वर्द्यांना खळ लावते, ते ओलं फडकं हाताशी असतंच.

९ जून, सव्वा नऊ
कुणी हात लावलेला नाही. लॅपटॉपवरचं पान आपोआप वर गेलं. खाली आलं. परत वर.
मी भुताखेतांना मानत नाही.

१० जून, सव्वा नऊ
परत तेच. वर, खाली, मध्येच थांबतं. कुणी आत शिरतंय तसं.
ह्यांनी सत्तावीस वर्षं लिफ्ट चालवली. ड्युटी सव्वा नऊची. गेल्या जूनमध्ये गेले ते न सांगता.
घाबरले नाही. फक्त इस्त्री बाहीवर विसरले. एक वर्दी गेली.

१२ जून
पोरीला सांगितलं. म्हणाली, "आई, टच बिघडलाय. दुरुस्तीला ने. एकवीसला माझा पेपर ह्याच्यावरच आहे. तो गेला तर वर्ष गेलं."
उद्या नक्की.

१३ जून
गेले नाही. कंबर धरली.

१५ जून
गेले नाही. दुकान बंद असणार.
सकाळी ह्यांच्याशी जरा बोलले. लिफ्टमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचात, घरी माझ्याकडे मान वर करून कधी बघितलंत का, हे एकदाचं विचारून टाकलं. पान सरळ खाली गेलं. लाजले असणार.

१८ जून
पोरीनं विचारलं, नेलास का. म्हटलं, नेला, काही दोष नाही निघाला. हे खोटं नव्हे. दोष नाहीच आहे.
ह्यांना बजावलंय, एकवीसला सुट्टी घ्या. जन्मात खाडा केला नाही, पण पोरीसाठी करतील.

२१ जून
पेपर म्हणून काच दोनदा पुसून दिली. पोरगी बसली. पंधराव्या प्रश्नाला पान वरखाली नाचायला लागलं आणि पेपर जमा करायचं बटण आपोआप दाबलं गेलं. अर्धा पेपर गेला.
ओरडली नाही. म्हणाली, "आई, तू खरंच नेला होतास?"
मी इस्त्री फिरवत राहिले. ती लावलेलीच नव्हती.

२२ जून
पोरीनं मला सोबत नेलं. दुरुस्तीवाल्यानं काचेची कड नखानं खरवडली. पांढरी पापडी निघाली.
"काकू, पुसता कशानं?"
फडकं पिशवीतच होतं. त्यानं हुंगून बघितलं. म्हणाला, खळ आहे ही. ओल असेपर्यंत काचेला वाटतं बोटच लागलंय. दहा मिनिटांत साफ करून दिला.
पोरगी रस्ताभर लॅपटॉप छातीशी धरून माझ्यापुढे दहा पावलं चालली. चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

२४ जून, सव्वा नऊ
हललं नाही.

२५ जून, सव्वा नऊ
नाही.

२६ जून
कॉलेजनं पोरीला पेपर पुन्हा द्यायला सांगितलंय. परवा, तिथल्याच कॉम्प्युटरवर. पोरगी म्हणाली, आता टच असला काय, नसला काय. तिला शब्द दिला, लॅपटॉपला हात लावणार नाही. ह्यांचा विषय संपला. मी काही खुळी नाही.

२८ जून, नऊ
पोरगी पेपरला गेली. दारात चप्पल घालताना म्हणाली, बाबा सोडायला आले असते. दार ओढून घेतलं.
लॅपटॉप तिच्या टेबलावर आहे. तिचा पेपर तिकडे, म्हणजे इथे कुणाचं नुकसान नाही. एकदाच. आणि हात मी लावणारच नाहीये, फडकं लावणार आहे.
खळ पातळच कालवलीय. कडक कॉलर ह्यांना टोचायची.