दाराची किल्ली नंदाताईंकडे

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घ्यावी. गुरुवारी सकाळी माझे ऑपरेशन आहे आणि हॉस्पिटलच्या सूचनापत्रानुसार त्याआधी दुधाचा चहा वर्ज्य आहे. काळा चालेल म्हणे. काळा चहा ही चहाची शोकसभा आहे, आणि ती माझ्यासाठी भरवायची असेल तर निदान मी जायची वाट तरी पाहावी. हा अन्याय नोंदवून मी, दीप्ती उन्मेष रामटेके, वय बावन्न, राहणार मिसिसागा, ऑन्टारिओ, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भरीस घातलेले नसताना माझे मृत्युपत्र करते. यापूर्वीचे एखादे सापडल्यास रद्द समजावे. सापडणार नाही. आपण मरू, असे मला गेल्या महिन्यापर्यंत वाटलेच नव्हते.

१. माझ्या डोक्यातली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली आहे. सापडली योगायोगाने, बर्फावर घसरून पडले म्हणून स्कॅन केला. डॉक्टर म्हणाले, फुटण्याआधी बंद करू. त्यांनी धोक्यांची यादी वाचली, मी मान डोलावत राहिले, आणि पार्किंगमध्ये आल्यावर मला माझी गाडी कोणती ते आठवेना. तो आजार नव्हता. ती भीती होती. तेव्हापासून ती माझ्याकडेच राहायला आहे, भाडे न देता.

२. कॉन्डो, बँकेतील शिल्लक आणि बाबासाहेबांची तसबीर माझी मुलगी ईशानी हिला. तसबीर दिवाणखान्यातच लावावी, बेसमेंटात नाही. मी हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मॉम, स्टॉप इट, यू आर नॉट डाइंग." मग वॉशरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सुरू ठेवला.

३. माझा भाऊ हर्षवर्धन, राहणार व्हिटबी, याला गाडी आणि विंटर टायर्स. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी. कागद सांभाळण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. माणसांपुढे मात्र तो विरघळतो. पांढरा कोट दिसला की "येस डॉक्टर, शुअर डॉक्टर" सुरू. म्हणून पुढचे काम त्याचे नाही. दादा, रागावू नकोस.

४. माझी पुस्तके आंबेडकर असोसिएशनच्या वाचनालयाला. मी नॉर्थ यॉर्कच्या एका कॉलेजात वीस वर्षे युरोपचा इतिहास शिकवला, त्यातही राजदरबारांतल्या बायकांचा. मुलांना वाटते त्या पंखा हलवत बसायच्या. प्रत्यक्षात राणीच्या खोलीत कोण जाणार, कोणाचा अर्ज तिच्या हाती पडणार, कोणाची सोयरीक कुठे जुळणार, हे त्या ठरवत. इंग्लंडच्या दरबारात तर राणीच्या शयनगृहाची सोन्याची किल्ली अशाच एका बाईच्या कमरेला असे. मंत्री बाहेर ताटकळत आणि ही आत.

हे मला पुस्तकांतून कळले. डोळ्यांनी पाहिले ते नंदाताईंकडे.

५. नंदा गजभिये म्हणजे माझी नणंद, उन्मेषची मोठी बहीण. असोसिएशनमध्ये त्यांना कोणतेही पद नाही. जयंतीचा स्वयंपाक त्यांच्या हाती असतो, एवढेच. पण अध्यक्ष कोण आणि भाषण कोणाचे, हे वरणाला फोडणी पडेपर्यंत ठरलेले असते.

सहा वर्षांपूर्वी उन्मेष हॉस्पिटलात होता, तेव्हा त्या त्याच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. कोणालाही आत सोडले नाही. असोसिएशनच्या अध्यक्षांना पुष्पगुच्छासकट परत पाठवले. व्हिटबीहून बर्फात गाडी हाकत आलेल्या दादालाही. "तो झोपलाय. तुम्ही रडाल, तो उठेल. जा." उन्मेष गेला तो शांत झोपेत, माझ्या हातात हात ठेवून.

पुढच्या जयंतीच्या स्मरणिकेत मी त्यांच्यावर 'मिसिसागाची महाराणी' हा लेख लिहिला. सगळे पोट धरून हसले. नंदाताईंनी माझ्याशी बोलणे टाकले. तो लेख मी मागे घेत नाही. त्यातले एक वाक्यही खोटे नव्हते.

६. आता मुख्य कलम. डॉक्टरांच्या यादीत एक ओळ होती: भाषा जाऊ शकते. मरणाला मी भिते, पण या ओळीला जास्त. मी बोलून पोट भरते आणि बोलूनच माणसे तोडते. समजा इंग्रजी गेली आणि मराठी तेवढी उरली. मी काय म्हणते ते ईशानीला कळेल? समजा काहीच उरले नाही, नळ्या तेवढ्या राहिल्या. मग 'आता पुरे' कोण म्हणेल? ईशानीवर ते ओझे टाकायचे नाही. दादा कधीच म्हणणार नाही.

म्हणून रविवारी मी नंदाताईंना फोन केला.

"जय भीम. दीप्ती बोलतेय."

"कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. गुरुवारी ठरेल."

सगळे सांगितले. पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"दारात कोण बसणार आहे?"

"म्हणूनच फोन केला."

"व्हिटबीवाल्याला बसवू नको. तो सर्जनलाच विचारेल, दमलात का."

"तुम्ही बसाल?"

"लिहिशील पुन्हा माझ्यावर?"

"वाचले तर नक्की लिहीन."

"मग वाच," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वकील अवंतिका म्हणते, उपचारांचा अधिकार मृत्युपत्रातून देता येत नाही, त्याला वेगळा कागद लागतो. तो केला आहे, नंदाताईंच्या नावे. इथे फक्त कारण लिहून ठेवते, म्हणजे ईशानी आणि दादा यांनी वाद घालू नये. दारात त्या. त्या म्हणतील ते अखेरचे.

७. माझे पुस्तक अर्धवट आहे. त्यातले शेवटचे प्रकरण १५२९ सालचे. फ्रान्सचा राजा आणि पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट वर्षानुवर्षे लढत होते, तहाचा शब्द आधी काढायला दोघेही तयार नव्हते. शेवटी राजाची आई लुईझ आणि सम्राटाची आत्या मार्गारेट कांब्रे गावी शेजारशेजारच्या घरांत उतरल्या आणि बोलणी करून युद्ध मिटवले. मार्गारेटचा तरुणपणीच वारलेला नवरा लुईझचा भाऊ होता. म्हणजे या दोघी नणंद-भावजय. इतकी वर्षे हे शिकवले आणि त्यात मला फक्त राजकारण दिसले. प्रकरण मी स्वतः पुरे करणार आहे. न झाल्यास तसेच ठेवावे, दुसऱ्या कोणी हात लावू नये.

८. माझ्यामागे त्रिसरण-पंचशील, बस. श्रद्धांजलीची भाषणे नकोत. मी उठून दुरुस्त करीन.

९. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असा इथला कायदा आहे. नंदाताईंनी साक्षीदार होण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्यांना मी काहीही देत नाही. ऐकून त्यांना समाधान वाटले.

सही वाकडी आली आहे. माझीच आहे.

दीप्ती उ. रामटेके

साक्षीदार, दोघी एकाच वेळी माझ्यादेखत हजर:
१. नंदा गजभिये
२. गौरांगी देशकर, शेजारीण

मिसिसागा, मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

(सहीखाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, असे अवंतिका म्हणाली. म्हणून हे इथे, हाताने.)

उन्मेषच्या आजारपणात नंदाताईंनी झुणका भरून आणलेला स्टीलचा डबा, झाकणावर त्यांचे नाव कोरलेला, सहा वर्षे माझ्या ओट्यावर पडून होता. रिकामा डबा परत देत नाहीत, आणि अबोल्यात काय भरून द्यावे ते सुचत नव्हते. आज सह्या होण्याआधी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला.

"चहापत्ती?"

"माझी सगळी. गुरुवारपर्यंत मला उपयोग नाही."

"तुझा चहा पातळ असतो."

"मग गुरुवारी संध्याकाळी तुम्ही करा. दूध घालून."

त्यांनी झाकण दाबून बसवले आणि डबा पिशवीत ठेवला.