काचेच्या पेटीवरचं नाव

११ फेब्रुवारी २००४, बुधवार. मॉरिसव्हिल, अमेरिका

दोन पौंड सहा औंस! किलोत किती, जावयाला विचारलं. गिरीश म्हणाला, "एक किलो आणि वर चिमूटभर, आई." साखरेची पुडी याहून जड असते.

परवा झाला. बारा आठवडे आधी. काचेच्या पेटीत ठेवलाय, अंगभर नळ्या. मुठी माझ्या अंगठ्याच्या पेराएवढ्या. पेटीवर पट्टी आहे – 'बेबी बॉय साठे'. नर्स डोरीन, अंगानं दांडगी, तोंडानं गोड, मला ग्रँडमा म्हणते. तिनं विचारलं, नाव काय ठेवलं? सावनीनं मान भिंतीकडे फिरवली. गिरीश म्हणाला, "नॉट येट."

कारण मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी पहिला झाला तेव्हा मी सांगलीत. सावनी फोनवर म्हणाली, "आई, नाव तूच सांग." मी सांगितलं. चांगलं शंभर वर्षं मागणारं नाव. तो दोन दिवस राहिला. तेव्हापासून ते नाव मी तोंडातून काढलेलं नाही. इथंही लिहिणार नाही.

१३ फेब्रुवारी

आज पाचवी. सटवाई बाळाच्या कपाळावर लिहून जाते तो दिवस. ओट्यावर भाजी चिरायची फळी उलटी घातली, त्यावर हळदकुंकू, कोरा कागद, गिरीशचं ऑफिसचं पेन. मग सुचलं – मूल तिकडं दवाखान्यात, कागद इकडं अपार्टमेंटमध्ये, तिला पत्ता कसा लागायचा? आणि पेटीवर नाव नाही. कुणाचं लिहू म्हणाली तर?

हसू आलं. आणि लगेच फळीपुढं हात जोडले.

१६ फेब्रुवारी

श्वास घ्यायला विसरतो! असं कुणी विसरतं का? यंत्र कोकलतं, डोरीन तळपायाला टिचकी मारते, मग घेतो. आज सहा वेळा. मोजू नये म्हणते आणि मोजते.

१७ फेब्रुवारी

आज धीर करून विषय काढला. म्हटलं, माझ्या दादाच्या आधीची तिन्ही गेली, म्हणून आईनं त्याचं नाव धोंडू ठेवलं. दगडाला कोण उचलून नेतंय! चौऱ्याहत्तरचा आहे, अजून सायकल मारतो. आपण बाळाला तसंच काहीतरी...

सावनी म्हणाली, "आई प्लीज. नॉर्थ कॅरोलिनात धोंडू साठे? शाळेत काय हाल होतील त्याचे!"

गिरीश वातावरण हलकं करायला म्हणाला, "मग इंग्लिश ठेवू या. जॉन साठे, फास्ट बोलर."

त्यानं थट्टा केली. माझ्या डोक्यात बसली ती.

१९ फेब्रुवारी

गिरीशनं लायब्ररीतून मुलांच्या नावांचं पुस्तक आणून दिलं. विटेएवढं. अर्थ, मूळ, सगळं आहे. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढचं इंग्रजी मी सावनीच्या क्रमिक पुस्तकांतून, तिच्या मागं बसून शिकले. डिक्शनरी घेऊन पेटीशेजारी बसते.

काय नावं एकेक! इंग्रजी म्हणून उघडलं तर इंग्रजी थोडीच – हिब्रू, ग्रीक, लॅटिन, जर्मन. आणि सगळे राजेच! रिचर्ड, बळकट राजा. एरिक, कायमचा राजा. रायन, छोटा राजा. व्हिक्टर जिंकलेलाच. केविन देखणा. एवढ्या थाटाची नावं ठेवायची छाती होते कशी यांची? मला तर नुसतं वाचून भीती वाटते. कुणी ऐकत असलं तर!

२० फेब्रुवारी

बारावा दिवस. बारसं नाही. घुगऱ्या नाहीत. पट्टीवर अजून बॉय.

२२ फेब्रुवारी

हलकी नावं आहेत! बारीक बघावं लागतं. कॅमेरॉन म्हणजे वाकड्या नाकाचा. पॉल म्हणजे लहानगा. कॅल्व्हिन म्हणजे टकल्या! गिरीशला सांगितलं, तो स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "हेच ठेवा आई, घराण्याला शोभेल." किती दिवसांनी हसला पोर.

पण वाकडं नाक नको. उगीच खरं व्हायचं.

२४ फेब्रुवारी

ताप. रक्तात इन्फेक्शन. पुन्हा मोठी नळी घातली. डॉक्टर बोलताना डोळ्यांत बघत नव्हते. मागच्या वेळी फोनवर गिरीशचा आवाज असाच दुसरीकडे बघितल्यासारखा होता.

सावनी खाली बाथरूममध्ये गेली तेवढ्यात पुस्तकाची पानं हपापल्यासारखी उलटली. पी. 'पीटर. मूळ ग्रीक. अर्थ – दगड.'

दगड! अगं बाई, हा तर आपला धोंडू! साहेबाच्या देशात धोंडू टाय लावून फिरतोय आणि कुणाला पत्ता नाही! शाळेत कुणी हसायचं नाही. मी डोरीनचा हात धरला. "ही इज पीटर. प्लीज राइट. नाऊ." तिनं लगेच निळ्या खडूनं कार्डावर लिहिलं, पेटीला चिकटवलं. यंत्र कोकललं तशी टिचकी मारून म्हणाली, "कमॉन पीटर! ब्रीद, हनी!"

घेतला त्यानं.

२५ फेब्रुवारी

सावनीनं कार्ड वाचलं.

"कुणी लिहिलं हे?"

सांगितलं. अर्थही सांगितला. ती हळू म्हणाली, "पुन्हा तूच, आई? मागचंही तूच ठेवलं होतंस."

तेवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

गिरीशनं कार्ड काढायला हात लावला, आणि मागं घेतला. "राहू दे ना, साव. या नावानं रात्रभर राहिलाय तो." त्यालाही भीती वाटते, इतका शिकलेला असून. कार्ड राहिलं.

मी दुपारपासून घरीच. तिघांचा भात लावला. खाणारं कोण.

२८ फेब्रुवारी

ताप उतरला. सावनी माझ्याशी बोलत नाही. डबा नेते, दारात ठेवते, येते.

३ मार्च

मोठी नळी काढली! मी डबा घेऊन दाराशी, सावनीची माझ्याकडे पाठ. यंत्र कोकललं. डोरीन दुसऱ्या बाळापाशी होती. सावनीनंच बोट आत घातलं, तळपायाला टिचकी मारली. आणि म्हणाली – मी या कानांनी ऐकलं – "ए पिट्या! श्वास घे रे, दगडा!"

डबा ठेवून निघून आले. पार्किंगमध्ये उभी राहून रडले. चुकून दुसऱ्याच गाडीला टेकले, ती बोंबलायला लागली.

२७ मार्च

तीन पौंड नऊ औंस. बाटलीनं दूध पितो. यंत्र दोन दिवस गप्प. या गप्पपणाचीही भीती वाटते, सारखं वाकून बघते.

सावनी बोलते आता. पोळ्या मऊ झाल्यात म्हणाली.

१३ एप्रिल

उद्या सोडणार! त्याआधी जन्माच्या दाखल्याचा फॉर्म भरून द्यायचा. नावाचा रकाना रिकामाच ठेवून सावनी कितीतरी वेळ पेन धरून बसली. मी मुद्दाम उठून आत गेले. या खेपेला तोंड उघडायचं नाही, म्हटलं.

१४ एप्रिल

चार पौंड अकरा औंस. घरी.

निघताना सावनीनं फॉर्म माझ्या हातात दिला. वाचला. नावावर बोट ठेवलं. "अगं, तेच?"

म्हणाली, "थोरल्याचे कपडे धाकटा घालतोच की, आई. त्याला दोनच दिवस मिळाले घालायला. नवंकोरं आहे अजून." मग, "नाव चांगलंच ठेवलं होतंस तू."

"आणि हाक?"

"हाक पिट्या."

निळ्या खडूचं कार्ड या पानाला चिकटवलंय. इथं लिहिणार नाही म्हटलं होतं. तरी लिहिते.

चिरायू.